मळणी यंत्राला झाकण बसवण्याचा खर्च आणि न बसवण्याचा खर्च

जुने मळणी यंत्र विकत घेतल्यावर त्याला संरक्षक झाकण बसवून घ्यावे, की शासनाची अपघात योजना असल्यामुळे हा खर्च टाळला तरी चालेल, असे आपण विचारले आहे. झाकण नसेल तर ते यंत्र या सुगीत चालवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. पण ही मदत सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यापुरतीच आहे. यंत्रात काड टाकायला उभा असतो तो बहुधा भूमिहीन मजूर, आणि त्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. खातेदाराचा हात गेला तरी घरातले दुसरे माणूस ऐन सुगीत दवाखान्यात अडकते, उभ्या सोयाबीनच्या शेंगा तडकतात, हरभऱ्याची पेरणी लांबते आणि उपचारासाठी दावणीची जनावरे विकावी लागतात. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात लिहिले जात नाही.

हात ड्रमपर्यंत, म्हणजे दाणे झोडून काढणाऱ्या फिरत्या पिंपापर्यंत पोहोचूच नये, हा सारा उपाय आहे. काड टाकण्याचे तोंड किमान ९० सेंटीमीटर लांब असावे आणि ड्रमकडचा ४५ सेंटीमीटर भाग वरून बंद असावा, असे भारतीय मानक सांगते. गावातला वेल्डिंगवाला जाड पत्र्याचे असे तोंड करून देऊ शकतो. दमट काड अडकते आणि माणूस ते हाताने आत ढकलू पाहतो, तोच धोक्याचा क्षण असतो. त्या वेळी यंत्र बंद करण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

पीटीओ शाफ्टकडे, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला पोहोचवणाऱ्या फिरत्या दांड्याकडे तर कोणी फारसे पाहतही नाही. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ; पदराचे किंवा उपरण्याचे टोक गुंडाळले गेले की ओढून घ्यायला वेळच उरत नाही. बायकांना साडीवर घातलेल्या घरधन्याच्या सैल शर्टाच्या बाह्या दुमडून घट्ट बांधायला लावा आणि शाफ्टवरचे फुटलेले प्लास्टिकचे आवरण आधी बदला.

मळणीचे पैसे पोत्यावर ठरतात, म्हणून घाई होते आणि एका दिव्याच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत काम चालते. थकलेल्या माणसाला तोंडापाशी उभे करू नये. तिथला माणूस वरचेवर बदलावा, आणि अंधार पडल्यावर काम थांबवता आले तर उत्तमच.

मजुरांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये हप्ता, वय १८ ते ७०, आणि तो हप्ता बँक खात्यातून परस्पर वळता होतो. अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख आणि अपघातात एक हात गेल्यास १ लाख रुपये मिळतात. आपल्याकडे मळणीला येणाऱ्या प्रत्येकाचा हप्ता आपणच भरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.