वाचकांचे प्रश्न : इग्बोच्या बोली आणि आपली वऱ्हाडी

मागच्या अंकात नायजेरियातल्या इग्बो भाषेवर लेख होता. त्यानंतर नागपूर आणि आसपासच्या वाचकांची पत्रं आली. कुणाला इग्बोबद्दल आणखी विचारायचं आहे, तर कुणाला ते वाचताना घरातली बोली आठवली. त्यातल्या निवडक प्रश्नांना आमच्या भाषाअभ्यासकांनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : इग्बो ही एकच भाषा आहे की अनेक? आणि शाळेच्या पुस्तकात नेमकी कुणाची इग्बो छापतात? (भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, धरमपेठ)

इग्बो ही बोलींची साखळी आहे. शेजारशेजारच्या गावांचं एकमेकांना सगळं कळतं. अंतर वाढत जातं तसं कळणं कमी होत जातं. नायजेरियाच्या आग्नेयेला अबिया, अनाम्ब्रा, एबोनी, एनुगू आणि इमो ही पाच इग्बो राज्यं आहेत. शिवाय नायजर नदीच्या पश्चिमेला डेल्टा राज्याचा काही भाग आणि दक्षिणेला रिव्हर्स राज्याचा काही भाग येतो. या पट्ट्याच्या दोन टोकांची माणसं भेटली तर ती एकमेकांशी सावकाश बोलतात, नाहीतर इंग्रजीवर जातात.

मात्र फरक नियमानं पडतात, हे लक्षात ठेवा. ओनित्शाकडे घराला 'उनो' म्हणतात, इतर बऱ्याच ठिकाणी 'उलो'. जमीन तिकडे 'आना', इकडे 'आला'. 'वस्तू' या अर्थाचा शब्द एकीकडे 'इफे', दुसरीकडे 'इहे'. आपल्याकडे 'डोळा'चा 'डोया' आणि 'काळा'चा 'काया' होतो, तसंच हे. एकदा नियम हाती लागला की पुढचा अनोळखी शब्दही ओळखता येतो. प्रत्ययांत तसं होत नाही, ते वेगळे शिकावे लागतात. 'मला माहीत नाही' हे प्रमाण इग्बोत 'अमाघी म', तर ओनित्शाकडे 'अमारो म'. ओवेरीच्या बाजूला तर 'क' आणि 'ख' यांच्यासारखा अल्पप्राण-महाप्राण भेद आहे. मराठी कानाला तो चटकन कळेल, पण इग्बोच्या प्रचलित लिपीत तो दाखवायची सोयच नाही.

आता पुस्तकातल्या इग्बोकडे येऊ. पहिला प्रयत्न झाला सिएरा लिओनमध्ये, गुलामीतून सुटलेल्या वेगवेगळ्या भागांतल्या इग्बोंच्या मिश्र बोलीवर. तिला इसुआमा म्हणत. १८५७ मध्ये मिशनरी सॅम्युएल अजायी क्राउदर यांनी तिचं पहिलं वाचनपुस्तक काढलं. प्रत्यक्ष नायजरच्या काठी मात्र ती लोकांना परकी वाटली आणि मागे पडली. मग मिशनरी टी. जे. डेनिस यांनी ओनित्शा, ओवेरी, उनवाना, अरोचुक्वू आणि बॉनी इथल्या बोली एकत्र करून 'युनियन इग्बो' घडवली. तिच्यातलं संपूर्ण बायबल १९१३ मध्ये आलं. चर्चमधून ती घरोघरी पोचली आणि कित्येक पिढ्या तिच्यावर वाचायला शिकल्या, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण ती कुणाच्याच तोंडची भाषा नव्हती. शब्द एका गावचा आणि त्याचं रूप दुसऱ्या गावचं, असं वाक्य वाचता येतं, पण त्यात भांडता येत नाही की लाडानं बोलता येत नाही.

पुढे १९२९ पासून लिपीचा वाद पेटला. कॅथलिकांनी नवी लेखनपद्धती घेतली, अँग्लिकन जुनीला धरून बसले. तीस वर्षं एकाच भाषेची पुस्तकं दोन पद्धतींनी निघत होती. १९६१ मध्ये ओनवू समितीनं ३६ अक्षरांची पद्धत ठरवली, त्यात आठ स्वर आहेत. आजही तीच चालते. एफ. सी. ओग्बालू यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेनं १९७० च्या दशकात प्रमाण इग्बोचं काम पुढे नेलं. या प्रमाण इग्बोला विरोधही झाला. कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९९९ मध्ये ओवेरीला ओडेनिग्बो या व्याख्यानमालेत व्याख्यान दिलं ते मुद्दाम ओनित्शाकडच्या आपल्या बोलीत आणि त्यात युनियन इग्बोवर कडक टीका केली.

आमचं मत स्पष्ट आहे. प्रमाण लेखन हवं, कारण पाठ्यपुस्तक, कायदा आणि बातमी सगळ्यांना एकसारखी वाचता आली पाहिजे. पण ते घडवताना जिवंत बोली पुसल्या की लोक त्या प्रमाणभाषेला आपली मानत नाहीत. मराठीच्या शुद्धलेखनाचे नियम शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले, ओनवू समितीनंतर एकाच वर्षानं. त्या नियमांनी 'मले-तुले' लिहिण्याला बंदी घातलेली नाही, हे फार थोड्यांना सांगितलं जातं.

प्रश्न : रिव्हर्स राज्यातले इक्वेरे लोक स्वतःला इग्बो म्हणवत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ मात्र त्यांची भाषा इग्बोच्याच गटात घालतात. खरं कुणाचं? (निवृत्त ग्रंथपाल, महाल)

दोघांचंही, कारण दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. भाषाशास्त्रज्ञ ध्वनी, शब्द आणि व्याकरण पाहून नातं सांगतो. माणूस कोणत्या समाजाचा, हे तो माणूस आणि त्याचा समाज सांगतो. पहिल्या उत्तरावरून दुसरं लादलं की भांडण सुरू होतं.

इक्वेरेंच्या बाबतीत मध्ये एक युद्ध आहे. २७ मे १९६७ रोजी लष्करी शासक गोवन यांनी देशाची बारा राज्यं केली आणि पूर्व प्रदेशाचे तीन तुकडे झाले. त्यातलं एक रिव्हर्स. तीनच दिवसांनी पूर्व प्रदेशाचे लष्करी राज्यपाल ओजुक्वू यांनी तो प्रदेश 'बियाफ्रा' नावाचं स्वतंत्र राष्ट्र असल्याची घोषणा केली आणि युद्ध पेटलं. बियाफ्रात फक्त इग्बो नव्हते. एफिक, इबिबिओ, इजॉ, ओगोनीही होते आणि त्यांतल्या अनेकांना इग्बोबहुल राष्ट्र नको होतं. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपलं तोवर लाखो माणसं गेली होती, त्यांतली बहुतेक उपासमारीनं. नंतर रिव्हर्सची राजधानी पोर्ट हारकोर्टमध्ये इग्बोंची घरं 'सोडून दिलेली मालमत्ता' ठरवून इतरांकडे गेली. अशा शहरात 'आम्ही वेगळे' म्हणण्यामागे जुनी स्वतंत्र ओळख, भीती आणि हिशेब हे सगळंच होतं. तिथल्या वस्त्यांच्या नावांत इग्बो 'उमु'च्या ('अमक्याची मुलं') जागी 'रुमु' दिसतं. काही म्हणतात ते युद्धानंतर बदललं, इक्वेरे म्हणतात आमचा उच्चार मुळातच तसा. बाहेरच्यानं लिहिताना ते लोक सांगतील तेच नाव लिहावं आणि भाषेचं वर्गीकरण वेगळ्या वाक्यात द्यावं.

आपल्याकडेही हाच विवेक लागतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची झाडीबोली ही वऱ्हाडीचाच प्रकार, असं नागपुरात बसून सांगितलेलं तिकडच्या माणसाला आवडत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा स्वतंत्र अभ्यास उभा केला तो त्यासाठीच. आणि खुद्द नागपूरची बोली? ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी आणि नागपुरी शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. पण वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाण्याकडचा मुलूख. नागपूर भोसल्यांचं. इतवारीतला माणूस आपल्या बोलीला वऱ्हाडी म्हणतो की नागपुरी, हे त्यालाच विचारावं.

प्रश्न : मी वऱ्हाडीत लिहितो तर लोक विचारतात, 'काऊन बे, वेगळं राज्य पाहिजे काय?' बोलीचा अभिमान आणि देशाशी निष्ठा यांचा असा संबंध असतो का? इग्बोंचं काय झालं? (कवी, सक्करदरा)

विदर्भ राज्याच्या मागणीचा आधार बोली हा कधीच मुख्य नव्हता. १९५३ चा नागपूर करार, फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस, सिंचन, नोकऱ्या, निधी हे त्या वादाचे विषय आहेत. वऱ्हाडीवर जीव असणारी माणसं त्या वादाच्या दोन्ही बाजूंना आहेत. तुम्ही कविता लिहा. राज्याबद्दल तुमचं मत काय, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

इग्बोंचा अनुभव असं सांगतो की निष्ठा बोलीमुळे कमी होत नाही, वागणुकीमुळे होते. युद्ध संपल्यावर सरकारनं कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही असं जाहीर केलं. मात्र बियाफ्रातल्या खातेदारांना बँकेत कितीही पैसे असले तरी सरसकट २० पौंड दिले. ही गोष्ट तिथल्या घरांत अजून सांगितली जाते. नायजेरियाच्या १९९९ च्या राज्यघटनेचं ५५ वं कलम म्हणतं की संसदेचं काम इंग्रजीत चालेल आणि पुरेशी व्यवस्था झाल्यावर हौसा, इग्बो व योरुबातही चालेल. म्हणजे इग्बोला राष्ट्रीय स्थान आहे. दुसरीकडे लेगॉसमध्ये जन्मून तिथेच वाढलेला मुलगाही वडिलांच्या मूळ राज्याचा धरला जातो, अनाम्ब्राचा तर अनाम्ब्राचा. मूळ राज्याचा दाखला तिथल्या स्थानिक परिषदेकडून आणायचा. आपल्याकडे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलं की अधिवासाचा दाखला मिळू शकतो. तिकडे कितीही वर्षं राहिलं तरी मूळ राज्य बदलत नाही. त्यामुळे नायजेरियन, इग्बो आणि अनाम्ब्राचा या तिन्ही ओळखी माणूस रोज बाळगतो, पण कागदावर त्यांतली शेवटची त्याला निवडता येत नाही.

आणखी एक गोष्ट. २००६ च्या नायजेरियन जनगणनेत वंश आणि धर्म विचारलाच नव्हता. म्हणून इग्बो किती, याचे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. आपल्याकडे मातृभाषा विचारतात. गणक आला की तुमची बोली वऱ्हाडी असेल तर 'वऱ्हाडी' असंच सांगा आणि त्यानं तेच लिहिलंय का ते पाहा. अंतिम तक्त्यात ती मराठीखाली गेली तरी नोंद राहते.

प्रश्न : 'इग्बो'तला 'ग्ब' नेमका कसा म्हणायचा? काही जण 'इबो' लिहितात. (वाचक, वर्धा)

'ग्' आणि 'ब' पाठोपाठ म्हणू नका. जिभेचा मागचा भाग टाळूला आणि ओठ ओठांना एकाच वेळी लावा, मग दोन्ही एकदम सोडा. 'इबो' हे इंग्रजांच्या काळातलं लेखन. आज 'इग्बो' लिहावं.

प्रश्न : सहावीच्या वर्गात मुलं 'मले', 'जाऊन राह्यलो' म्हणतात. दुरुस्त केलं की गप्प बसतात. काय करावं? (शिक्षिका, उमरेड)

बोलताना दुरुस्त करू नका, लिहितानाच करा. फळ्यावर दोन रकाने आखा, 'घरी' आणि 'पेपरात'. मूल बोलेल ते वाक्य जसंच्या तसं पहिल्या रकान्यात लिहा आणि दुसरं रूप मुलांकडूनच काढून घ्या. रोज पाच वाक्यं पुरतात. 'चूक' हा शब्द त्या तासाला वापरू नका. दोन-तीन आठवड्यांत मुलं नियम स्वतः सांगू लागतात, 'ला'च्या जागी 'ले', 'ळ'च्या जागी 'य'. तेव्हा त्यांना सांगा की मराठी गद्याचा आद्य ग्रंथ तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, महानुभावांच्या म्हाइंभटांनी सिद्ध केला. ही माती मराठीच्या कडेची नाही, मुळाची आहे, हे मुलांना लहानपणीच कळलं पाहिजे.

प्रश्न : आजीची बोली ध्वनिमुद्रित करायची आहे. ती काटोलकडची, वय ८०च्या पुढे. पण फोन समोर धरला की ती पुस्तकी बोलू लागते. (अभियंता, मनीषनगर)

बहुतेक जण 'आजी, याला वऱ्हाडीत काय म्हणतात?' असं विचारतात आणि तिथेच बिघडतं. प्रश्न प्रमाण मराठीत आला की उत्तरही तसंच येतं. वस्तू हातात द्या आणि 'हे काय व्हय?' म्हणा. सांभार, पऱ्हाटीचं बोंड, वखराचं पातं, बंडीचं चाक. 'कोथिंबीर' हा शब्द तुमच्या तोंडून गेला की 'सांभार' मिळेलच असं नाही. तिच्या वयाची शेजारीण सोबत बसवली तर सर्वांत उत्तम. तुम्ही मग फक्त ऐका.

शब्दांसाठी भाषाशास्त्रज्ञ स्वॉडेश यांची २०७ मूलभूत शब्दांची यादी पाया म्हणून घ्या आणि शेती, स्वयंपाक, नाती, सण यांचे शंभरेक शब्द जोडा. प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्या, त्यातही एकदा वाक्यात. इग्बोवर काम करणारे वाक्याचा आग्रह धरतात, कारण ती सुरांची भाषा आहे आणि सुटा म्हटलेला शब्द वाक्यात गेला की त्याचा सूर बदलू शकतो. वऱ्हाडीत सुरानं अर्थ बदलत नाही, पण विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदाची रूपं वाक्यातच सापडतात. सगळं एका बैठकीत उरकू नका. ४० मिनिटांनंतर आवाज थकतो आणि उत्तरं तोकडी होतात.

फोन तोंडापासून एक वीत दूर, थोडा बाजूला, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट आणि टेबलाचा खडखडाट येत नाही. फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारात घ्या, ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो. तासाला साधारण ३५० एमबी लागतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आवाजी संदेश मूळ प्रत म्हणून ठेवू नका, त्यात आवाज दाबला जातो आणि 'स-श'सारखे भेद पुसट होतात. नागपुरात सगळ्यांत मोठा शत्रू कूलर. मार्चअखेर तो सुरू झाला की जुलैपर्यंत शांत खोली मिळत नाही, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत, सकाळी करा.

लिहून घेताना ऐकलं तसंच लिहा, पण एकाच पद्धतीनं. 'राह्यलो', 'रायलो', 'राहलो' यांतलं एक ठरवा आणि पहिल्या पानावर नोंदवा, नाहीतर संगणकावर शोधताना निम्मे शब्द सापडणार नाहीत. इग्बोतही हाच त्रास आहे. स्वराखालचं टिंब कुणी देतं, कुणी देत नाही, आणि एकाच शब्दाचे दोन शब्द होतात.

प्रत्येक फाइलच्या नावात गाव, तालुका, बोलणारीचं जन्मवर्ष, मुद्रणाची तारीख. माहेर आणि सासर दोन्ही लिहा. लग्नानंतर बोली बदलते आणि काटोलला आयुष्य गेलेल्या आजीचे 'ले' आणि 'ला' कदाचित वरुडचे असतील. सुरुवातीलाच तिची संमती तिच्या आवाजात घ्या, कुणाला ऐकवलं तर चालेल तेही विचारा. तीन प्रती करा, एक फोनबाहेर, एक घराबाहेर.