बँकेची शाखा आणि वेदाची शाखा

प्रश्न: बँकेची शाखा, अकरावीची विज्ञान शाखा, पोलिसांची गुन्हे शाखा आणि मुंजीत गुरुजी गोत्रासोबत विचारतात तीपण शाखाच. हा शब्द इंग्रजी ब्रँचवरून केलाय का? आणि विभाग आणि शाखा यात फरक काय?

उत्तर: नाही हो, शब्द आपलाच आणि खूप जुना आहे. संस्कृतात शाखा म्हणजे झाडाची फांदी, फारसीतला ‘शाख’ हा त्याच मुळातला. बोलताना आपण आंब्याची फांदीच म्हणतो, शाखा कोणी म्हणत नाही, म्हणून शाखा म्हटलं की झाड डोळ्यासमोर येतच नाही. बँकेचा अर्थ मात्र इंग्रजी कारभार आल्यावर ब्रँचसाठी म्हणून रुळला.

गुरुजी विचारतात ती शाखा यांच्या कितीतरी आधीची. वेद तोंडपाठ करून पुढे दिले जायचे, वेगवेगळ्या गुरुपरंपरांमधे पाठ थोडाथोडा वेगळा होत गेला, अशा प्रत्येक परंपरेला शाखा म्हणायचे. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथात, ऋग्वेदाच्या २१ आणि यजुर्वेदाच्या १०१ शाखा सांगितल्यात, टिकल्या फार थोड्या. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन आणि काण्व या दोन आजही आहेत, आणि दोन्हींच्या संहितेत, म्हणजे मूळ मंत्रांच्या संग्रहात, ४०-४० अध्याय आहेत बरं का, म्हणजे अर्धा वेद हिच्याकडे अर्धा तिच्याकडे असं नाही, वेद दोघींकडे पूर्ण आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. विभाग हा ‘भज्’ म्हणजे वाटणे या धातूवरून आलाय, त्यात वाटणी आहे, कर्ज विभाग कर्जाचंच बघणार. शाखेत वाटणी नाही, एकाच बुंध्यातून फुटणं आहे. गावातल्या शाखेत खातं उघडा, पैसे भरा, कर्ज मागा, सगळी बँक तिथे भेटते. संघाची किंवा शिवसेनेची शाखापण अशीच वस्तीवस्तीत, काम तेच.

पण वापर इतका काटेकोर राहिलेला नाही हेही खरंय. गुन्हे शाखा, वाहतूक शाखा, कला-वाणिज्य-विज्ञान, इथे प्रत्येकीचं काम वेगळं आहे, म्हणजे अर्थाने ते विभागच. तरी ते चुकीचं म्हणू नका, ज्ञानाच्या शाखा, पोलीस दलाच्या शाखा असं म्हणताना बुंधा एकच आहे हे त्यात येतंच. नवीन संस्थेच्या पाटीवर काय लिहायचं असा प्रश्न असेल तर दुसऱ्या गावातल्या ऑफिसला शाखा आणि एकाच ऑफिसातल्या वेगवेगळ्या कामांना विभाग लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं.