किट काढताना घात होतो

आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या वाचकांनी श्वासातून पसरणाऱ्या साथींबद्दल विचारलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत. बहुतेक पत्रांत २०२०-२१च्या करोनाकाळाचा संदर्भ आहे.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या ओपीडीत कूलरशिवाय बसवत नाही. करोनात मात्र 'कूलरनं विषाणू पसरतो, बंद ठेवा' असं सांगत होते. खरं काय?
– वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, जि. चंद्रपूर

उत्तर : कूलर कुठे बसवलाय ते आधी बघा. खिडकीबाहेर स्टँडवर असेल, त्याच्या ताट्या, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या गवताच्या बाजू, मोकळ्या हवेत असतील, तर तो बाहेरची ताजी हवा सतत आत ढकलतो. असा कूलर बंद करणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. तोच कूलर खोलीच्या आत, कोपऱ्यात ठेवला असेल, तर तो खोलीतलीच हवा ओली करून पुन्हा सगळ्यांच्या तोंडावर मारतो. तसा चालवू नका.

हिशेब सोपा आहे. १० फूट बाय १२ फूट खोली, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट हवा. हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या विलगीकरण खोलीत ताशी १२ वेळा हवा बदलावी असा संकेत आहे. त्या मापानं १४,४०० घनफूट, म्हणजे साधारण ४१० घनमीटर हवा तासाला लागते. कूलरच्या पट्टीवर हवेचा आकडा घनमीटरमध्ये लिहिलेला असतो. लहान कूलरचाही तो सहसा याच्या दुप्पट-तिप्पट भरतो.

पण हे तेव्हाच, जेव्हा हवेला बाहेर जायला वाट असेल. 'गारवा निघून जाईल' म्हणून लोक समोरची खिडकी लावून घेतात. मग हवा कोंडते, दमटपणा वाढतो आणि गारवाही टिकत नाही. कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार उघडं ठेवा. नुसत्या छताच्या पंख्यावर विसंबू नका, तो हवा घुसळतो, बदलत नाही.

आता खुर्च्या. कूलरकडे पाठ करून तुम्ही बसा, रुग्ण तुमच्यासमोर, आणि त्याच्या पाठीमागे उघडी खिडकी. बहुतेक ठिकाणी उलटं असतं: रुग्णाला बिचाऱ्याला गार वाटावं म्हणून त्याला कूलरजवळ बसवतात आणि त्याचा खोकला थेट डॉक्टरवर येतो. एक अगरबत्ती पेटवून रुग्णाच्या खुर्चीवर धरा. धूर तुमच्याकडे आला तर टेबल फिरवा, खिडकीकडे गेला तर ठीक.

प्रश्न : साथीत एन-९५ मास्क मोजकेच मिळाले. धुऊन वापरले तर चालतात का? आणि घरोघरी जाताना काय जपावं?
– आशा सेविका, मेळघाट

उत्तर : धुऊ नका. या मास्कच्या मधल्या थरावर स्थिर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्याला चिकटतात. साबणानं किंवा सॅनिटायझरनं तो भार उतरतो. मास्क दिसतो तसाच, गाळणं मात्र पुष्कळ कमी होतं. दोरीवर कडक उन्हात टांगून इलॅस्टिकही सैल पडतं.

टंचाईत पाच मास्क आणि पाच कागदी पिशव्या घ्या, प्रत्येक पिशवीवर वार लिहा. सोमवारचा मास्क पुढच्या सोमवारीच बाहेर काढायचा. प्लास्टिकची पिशवी नको, त्यात घाम वाळत नाही. घामानं चिंब झालेला, डाग पडलेला किंवा पट्टा ढिला झालेला मास्क सरळ टाकून द्या. साठा पुरेसा असेल तर ही कसरत करूच नका, रोज नवा घ्या.

वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा मानेवर. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मग जोरात श्वास सोडा. गालाजवळ किंवा डोळ्यांकडे झुळूक जाणवली तर मास्क बसलेला नाही. दाढी असलेल्या सहकाऱ्यांचा तो बसतच नाही.

घरात शिरू नका. अंगणात किंवा छपरीत, दोन मीटर अंतरावरून बोला. रुग्णाला बाहेर यायला सांगा. ऑक्सिमीटर प्रत्येक बोटानंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा आणि वाळू द्या, नाहीतर आकडाही चुकतो.

प्रश्न : पूर्ण पीपीई किट (अंगभर संरक्षक पोशाख) घालूनही आमच्या वॉर्डातल्या सिस्टरना लागण झाली. किट निकृष्ट होतं का?
– परिचारिका, ग्रामीण रुग्णालय, जि. गडचिरोली

उत्तर : किटचा दर्जा तपासायलाच हवा. पण घात बहुतेकदा ते काढताना होतो. बाहेरचा पृष्ठभाग मळलेला असतो, अंगाची आग होत असते आणि हात पहिल्यांदा जातो तो मास्ककडे.

क्रम असा ठेवा. वॉर्डाच्या दाराशी, आरशासमोर, दुसऱ्या कोणीतरी क्रम मोठ्यानं सांगत असताना. हातमोज्यांवर सॅनिटायझर चोळा. बाहेरचे हातमोजे काढा. चेन उघडा, टोपी मागे सारा, सूट खांद्यापासून उलटा गुंडाळत पायापर्यंत न्या. मळकी बाजू आत राहिली पाहिजे. बुटांवरचे पायमोजे त्यासोबतच निघतात. सूट झटकू नका. आतले हातमोजे काढून हात स्वच्छ करा. गॉगल मागच्या पट्ट्याला धरून काढा, पुन्हा हात. मग वॉर्डाबाहेर या आणि सगळ्यात शेवटी मास्क: आधी खालचा पट्टा, मग वरचा, पुढच्या भागाला बोट न लावता. शेवटी साबणानं ४० ते ६० सेकंद हात धुवा.

मास्क, टोपी, पायमोजे पिवळ्या पिशवीत. गॉगल, फेसशील्ड, हातमोजे लाल पिशवीत.

चुकतं ते घाईमुळे. ४५ अंशांत किटमध्ये जीव नकोसा होतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत माणूस सगळं ओरबाडून काढतो. त्यामुळे उन्हाळ्यात किटमधली पाळी लहान ठेवा, घालण्याआधी पाणी पिऊन लघवीला जाऊन या. चक्कर येतेय असं वाटलं तर ताबडतोब बाहेर पडा, पण क्रमानंच.

आणि चहाची खोली विसरू नका. वॉर्डात तासन्‌तास जपलेला मास्क तिथे सहा जण एकाच वेळी काढतात, दार लावून. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून करोना पसरतो, तेव्हा 'आपलाच माणूस' म्हणून सवलत नाही. चहा व्हऱ्हांड्यात, दोघादोघांनी.

प्रश्न : ब्लिचिंग पावडरचं पाणी किती दाट करावं?
– सफाई कर्मचारी, जि. यवतमाळ

उत्तर : पोत्यावर क्लोरीन ३० टक्के लिहिलं असेल तर एक टक्का द्रावणासाठी लिटरला ३३ ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीला ३३० ग्रॅम. मुठीनं टाकू नका, तोलून घ्या. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग उरलेलं पाणी घाला, गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी गंजते. फरशी आधी साबणानं धुवा, कारण मळावर क्लोरीन वाया जातं. मग द्रावण लावून दहा मिनिटं राहू द्या. रोजचं रोज करा. उघडं पोतं आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर मरतं, तेव्हा तोंड घट्ट बांधून सावलीत, कोरड्या जागी ठेवा.

संडासाच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. माणसांवर फवारणी तर मुळीच नको. फरशीसाठी जेवढी धडपड होते त्याच्या निम्मी खिडक्या उघडण्यासाठी झाली तरी जास्त फायदा होईल, असं आमचं मत आहे.

प्रश्न : चांदीपुरा तापाच्या मुलाजवळ जातानाही हे सगळं लागतं का?
– आरोग्यसेविका, जि. भंडारा

उत्तर : नाही. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांत सापडलेला हा विषाणू मुख्यतः वाळूमाशीच्या चाव्यातून येतो, खोकल्यातून नाही. रक्त घेताना हातमोजे घाला, सुई वापरल्यावर टोपण परत लावू नका. मूल झटके देत असेल तर किट शोधत बसू नका, १०८ला फोन करा.