रेड वाइन: मुरवायची की लगेच प्यायची?

वाइनची आवड नवी असेल तर पहिल्याच वर्षी बाटल्या ठेवून मुरवायच्या मागे लागू नका. लोणच्यासारखी प्रत्येक वाइन मुरत नाही. बाजारातल्या बहुतेक रेड, आपल्या नाशिकच्यासुद्धा, दोन-तीन वर्षांत संपवलेल्याच छान लागतात. इटलीची बारोलो किंवा फ्रान्सची उत्तम बोर्दो वेगळी: टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरटपणा) आणि आंबटपणा भरपूर, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे बाटली फ्रिजवर किंवा माळ्यावर ठेवणं. मीही ठेवली होती. मे सरला तेव्हा बूच वर सरकलेलं, मानेवर लाल ओघळ आणि चव शिजवलेल्या मनुकांची. फार हळहळलो.

ठेवायचीच तर:
- १२ ते १५ अंश, तेही स्थिर
- अंधार
- बूच असेल तर बाटली आडवी

सुरुवातीला एकाच वाइनच्या तीन बाटल्या घ्या. एक आज उघडा, बाकीच्या वर्षा-वर्षाच्या अंतराने, आणि चव वहीत टिपत जा.