वादळ, गावचं घर आणि ड्युटीवरचा माणूस

प्रश्न : माझे यजमान मुंबई अग्निशमन दलात आहेत. आम्ही भायखळ्याला राहतो, सासू-सासरे श्रीवर्धन तालुक्यात गावच्या घरी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात कौलं गेली. घाईने पत्रे घातले, तर 17 मे 2021 रोजी तौक्तेत ते पडवीकडून उचलले गेले. तेव्हापासून ताडपत्री आणि वाळूच्या गोण्यांवर भागवतोय. आता पक्कं छप्पर करायचंय. जाड पत्रा घ्यावा का? — एक वाचक, भायखळा

उत्तर : ताई, पत्रा जाड घेतल्याने थोडा फायदा होतो, कारण पातळ पत्रा स्क्रूभोवती फाटतो. 0.5 मिमीपेक्षा कमी घेऊ नका. पण छप्पर उडतं ते सांध्यांमुळे. वारा छपरावरून जाताना वरच्या बाजूला ओढ तयार होते. त्याच वेळी वाऱ्याकडची खिडकी फुटली की घरात शिरलेली हवा खालून ढकलते. ही ओढ सगळ्यात जास्त वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांवर असते.

तुमची पडवी याच कारणाने आधी गेली असावी. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी असते, वारा खाली कोंडतो. मुख्य छपराचाच पत्रा पुढे वाढवून पडवीवर आणला असेल, तर ती जाताना घराचंही छप्पर ओढून नेते. म्हणून पडवीचं छप्पर वेगळं, मुख्य छपराच्या खालच्या पातळीवर करा. वळचण भिंतीबाहेर 45 सेंटिमीटरपेक्षा जास्त काढू नका.

पत्रा वाशांना खिळ्यांनी ठोकू देऊ नका, धक्क्यांनी खिळे सैल होऊन वर येतात. जे-बोल्ट (हुकासारखे वाकवलेले बोल्ट) आणि डांबरी किंवा रबरी वॉशर वापरा. भोक पन्हळीच्या (पत्र्याच्या लाटेच्या) माथ्यावर पाडा, खोलगट भागातून पाणी वाहतं. कडेच्या पट्ट्यात एकाआड एक पन्हळीवर बोल्ट हवा, मध्ये जरा विरळ चालेल. नट जास्त आवळला तर वॉशर चिरडून गळती लागते. सैल ठेवला तर पत्रा थडथडतो आणि भोक मोठं होतं. दोन पत्र्यांची आडवी जोड दीड पन्हळीची, उभी निदान 15 सेंटिमीटरची ठेवा. गवंडी म्हणेल, वारा नैर्ऋत्येचा, तिकडची बाजू मजबूत करू. पावसासाठी ते बरोबर आहे, पण चक्रीवादळात वारा दिशा बदलत फिरतो. चारही कडा सारख्याच बांधायला लावा.

एवढं करूनही कैच्या (छपराचा भार घेणाऱ्या त्रिकोणी चौकटी) भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असतील तर पैसे वाया. चिऱ्याच्या भिंतीच्या माथ्यावर सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा ओता आणि प्रत्येक कैचीखाली 12 मिमीचा बोल्ट त्यात पक्का करा. खर्चात कात्री लावायचीच झाली तर रंगात, फरशीत लावा, इथे नको.

प्रश्न : इशारा आला की यजमान ड्युटीवर जातात. मी दोन मुलांसह घरी. फोन लागत नाही, जीव टांगणीला लागतो.

उत्तर : ते घरी नसतील असंच धरून तयारी करा. किनाऱ्यावर खराब हवामान सुरू होण्याच्या निदान 48 तास आधी हवामान खातं सतर्कतेचा आणि 24 तास आधी ठळक इशारा देतं. तुमची तयारी 48 तासांच्या सूचनेलाच सुरू करा. माणशी रोज चार लिटर पाणी, तीन दिवसांचं. नेहमीची औषधं आठवडाभराची, टॉर्च, पॉवर बँक, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये. ग्रिलमधल्या कुंड्या आत घ्या. झाड पडलं, पाणी तुंबलं तर 1916, आग किंवा माणूस अडकला तर 101. यजमानांची खुशाली विचारायला मात्र 101 लावू नका.

कॉलवर असलेला माणूस फोन उचलत नाही, याचा वाईट अर्थ काढू नका. ठाण्यावर परतल्यावर त्यांनी एक साधा एसएमएस टाकायचा, असं आधीच ठरवा. नेट बंद असलं तरी तो बऱ्याचदा पोचतो.

ते घरी आले की आधी जेवण आणि झोप, चौकशी नंतर. साचलेल्या पाण्यात उतरले असतील तर लेप्टो (अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) टाळण्यासाठी 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्यावं. पायाला जखम असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा, मात्रा बदलते. झोप उडणं, दचकणं, चिडचिड महिनाभर टिकली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलता येतं. दलातल्या माणसाला मदत मागणं जड जातं, म्हणून पहिला फोन तुम्ही लावा.

प्रश्न : गावच्या विहिरीत वादळात पालापाचोळा पडतो. ब्लीचिंग पावडर किती घालावी?

उत्तर : आधी कचरा काढा. व्यासाला व्यासाने गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि 0.785 ने (सगळं मीटरमध्ये), म्हणजे घनमीटर मिळतील. प्रत्येक घनमीटरला 2.5 ग्रॅम ताजी पावडर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर साधारण 70 ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने पाण्याखाली सोडा आणि वरखाली हलवा. तासभर कोणी पाणी उपसू नये, आणि तपासणी होईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्यावं.