सहा महिने झाले, आता मैदानात उतरू का?

प्रश्न : मी कबड्डीत चढाई करतो. सहा महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचं एसीएलचं (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं) ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पळताना आता काहीच दुखत नाही. पुढच्या महिन्यात गावच्या जत्रेतले सामने आहेत. खेळू का? (वय २२, सांगली जिल्हा)

उत्तर : नको. तुमच्या मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून गुडघ्यात बसवली असेल, तर तिच्यात नवा रक्तपुरवठा येऊन ती लिगामेंटसारखी पक्की व्हायला कित्येक महिने जातात. सूज आणि दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी जातं, आणि गडी तिथेच फसतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. नऊ महिने भरले म्हणजे परवाना मिळाला, असंही नाही.

घरी एक करून बघा. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटीमीटरवर पेनाने खूण करा आणि शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्या मोजा. उजवी दोन सेंटीमीटरने बारीक भरली, तर ताकद अजून आलेली नाही असंच धरा. टेप सारखी भरली तरी ताकद फिजिओकडे यंत्रावर मोजून घ्या. ती चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. एका पायावरच्या लांब उडीलाही हाच हिशेब. उडीचा समोरून व्हिडिओ काढायला सांगा. अंतर जमलं, पण टेकताना गुडघा आत पडला, तर नापास.

त्यानंतर सरळ धावणं, मग वळणं, मग रिकाम्या मैदानात चढाई, मग समोर एकच पकड करणारा आणि शेवटी हात धरून पकडणाऱ्यांची साखळी. मॅटवर बूट घट्ट धरतो, पाऊल जागीच राहतं आणि अंग फिरतं. मातीवर पाय थोडा सरकून जातो. सामने मॅटवर असतील तर सरावही मॅटवरच हवा.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. महिनाभर कमरेत डावीकडे दुखतंय. एक्स-रे चांगला आला. प्रशिक्षक म्हणतात, स्नायू आखडलाय. (पालक, ठाणे)

उत्तर : असेलही, पण तेवढ्यावर सोडू नका. उजव्या हाताच्या गोलंदाजाला डावीकडे दुखणं, तेही मागे वाकल्यावर, म्हणजे मणक्याच्या हाडाला ताणाने तडा जात असल्याची शंका घ्यायचीच. सुरुवातीला हे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही; एमआरआय लागतो. तोवर गोलंदाजी बंद. फलंदाजी आणि धावणं डॉक्टरांना विचारून. निदान पक्कं झालं तर तीन ते सहा महिने जातील. लवकर सापडलेला तडा बहुतेकदा भरून येतो, म्हणून आताच हलायचं.

मुलाने आठवड्यात किती चेंडू टाकले, हे तुम्हाला सांगता येईल का? शाळेचा संघ, क्लब, अकादमीचे नेट्स, सगळे धरून. बहुतेक पालकांना सांगता येत नाही, कारण प्रत्येक ठिकाणचा प्रशिक्षक फक्त आपल्यापुरते चेंडू मोजतो. वही घाला. पाठीच्या दुखण्यामुळे जसप्रीत बुमराहचा २०२२चा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, शस्त्रक्रिया झाली आणि तो परतला ऑगस्ट २०२३मध्ये. त्याच्या दिमतीला फिजिओंचा ताफा असतो. तुमच्या मुलाच्या दिमतीला तुम्हीच.

प्रश्न : खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन राज्य स्पर्धा खेळता येईल का? (कुस्तीगीर, कोल्हापूर)

उत्तर : दुखणं दबेल, खांदा बरा होणार नाही. आणि पेचात खांदा कुठवर ताणायचा हे दुखण्यावरूनच कळतं. शिवाय १ जानेवारी २०२२पासून या औषधांची इंजेक्शनं स्पर्धाकाळात जागतिक उत्तेजकविरोधी यादीत बंदी घातलेली आहेत, मग ती सांध्यात का घेतलेली असेनात. आधी घेतलेल्याचा अंशही तपासणीत सापडू शकतो. ‘डॉक्टरांनी दिलं होतं’ एवढ्यावर सुटका होत नाही. वैद्यकीय गरज खरीच असेल तर नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची) सवलत लागते आणि तिचे कागद वेगळे. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा की तुम्ही स्पर्धा खेळता.

प्रश्न : घोटा मुरगळला. आजी तेलाने चोळून देते. चालेल? (व्हॉलीबॉलपटू, सातारा)

उत्तर : पहिले दोन-तीन दिवस चोळणं नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेका, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढा. आजींना हळदीचा लेप लावू द्या, कातडी फुटलेली नसेल तर. फक्त दाबायचं नाही.