पोस्टर राहू द्या, आधी फार्मसीच्या काउंटरवर शिकवा

तुम्ही विचारलंय की गोव्यात रोजच्या त्वचेच्या काळजीबद्दल जनजागृती करायची, तर शाळा-पंचायतींत स्वच्छतेचे पोस्टर आणि व्याख्यानं पुरतील का. नाही पुरणार. आंघोळ करा, साबण लावा हे पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणाला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात तर माणसं दोनदा आंघोळ करतात आणि ओलसर अंगावर दोरीवरचे अर्धवट सुकलेले कपडे चढवतात. गजकर्ण हा बुरशीचा रोग, त्याला एवढं पुरतं. सांगायचं असेल तर हे सांगा: जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, आतले कपडे इस्त्री फिरवूनच घाला आणि चार महिने जीन्स कपाटात राहू द्या.

खरं नुकसान त्यानंतर होतं. खाज सुटली की माणूस फार्मसीत जाऊन ‘खाजेचं मलम’ मागतो आणि त्याला बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब मिळते. दोन-तीन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते. बुरशी मात्र मेलेली नसते. स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दाबलेली असते, त्यामुळे ती आतून पसरत राहते. मलम थांबवलं की दुप्पट उसळते. डागाची गोल कड पुसट होते आणि मग डॉक्टरलाही निदान करताना विचार करावा लागतो. जांघेतली कातडी पातळ होऊन ओरखड्यासारखे पट्टे उठतात, ते पुन्हा जात नाहीत. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला शिकवा: क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं औषध, क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड. दोन्ही ‘क्लो’ने सुरू होतात आणि पुष्कळदा एकाच ट्यूबमध्ये असतात. बीटामेथासोन, मोमेटासोन हीही स्टेरॉइडच. 2018 मध्ये केंद्राने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवर ती अजून मागितली जातात आणि दिलीही जातात.

लावायची रीतही दाखवावी लागते, नुसती सांगून भागत नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बुरशीचं मलम डागाच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं, आणि डाग दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे. लोक खाज थांबली की सोडतात. तिथेच सगळं फसतं.

खरजेचंही तेच. पर्मेथ्रिन 5 टक्के मलम जिथे खाज आहे तिथेच लावतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यांत, रात्रभर ठेवायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो, आणि आठवड्याने पुन्हा. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा. खरजेचे बारीक किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते, हे आधीच सांगितलं नाही तर लोक औषध बदलत बसतात. आणि खरूज घाणेरड्यांना होते, हे व्याख्यानांतून पसरलेलं खोटं आहे. ती अंगाला अंग लागून पसरते. या लाजेपायी घरं खरूज लपवतात आणि ती शेजारी पोचते.

‘लोकांना औषधांचं शिकवू नका, स्वतःच डॉक्टर होतील’ असं म्हणणारे आमच्याच क्षेत्रातले लोक मला नेहमी भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. लोक आजही स्वतःच औषध घेत आहेत, फक्त चुकीचं. म्हणून शंभर पोस्टरांपेक्षा फार्मासिस्टना एक दिवस नीट शिकवणं आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंच्या हातात ट्यूब देऊन बोटावर माप दाखवायला लावणं मी जास्त मानतो.

हे घरी करण्याजोगं, पण सगळ्यांसाठी नाही. तान्ही मुलं, गरोदर बायका, मधुमेह्यांच्या पायाच्या जखमा, आणि ज्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नाही असा कुठलाही चट्टा थेट डॉक्टरकडे न्या. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.